त्या वर्षीची फिकी ब्याडगी

फाल्गुन लागला की आमच्या उचगावच्या गल्लीत माणसं शिंकायला लागतात. कोपऱ्यावरचा डंक, म्हणजे मिरची-मसाला कांडायची गिरणी, सकाळी आठला सुरू होतो आणि कांडल्या जाणाऱ्या मिरचीची बारीक धूळ त्याच्या दणक्याबरोबर घराघरांत शिरते. आधी समोरचे निवृत्त मास्तर शिंकतात, मग त्यांची म्हैस, मग मी. गच्च्यांवर जुनी लुगडी अंथरलेली असतात. त्यांवर मिरच्या, धणे, उभा चिरलेला कांदा. विमानतळ इथून जवळ आहे. उतरणाऱ्या विमानातून खाली बघणाऱ्यांना या दिवसांत आमचं गाव तांबड्या चौकटींचं दिसत असणार.

माझी गच्ची मात्र फाल्गुनात मोकळी असते. माझी चटणी माघातच होऊन बरणीत बसलेली असते. मी खिडकीशी पंख्याखाली बसून नुसती दुसऱ्यांच्या चटणीची शिंक खाते, आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजा वाटते. परीक्षा आधीच देऊन मोकळं झालेल्या मुलीनं बाकीच्यांची घोकंपट्टी ऐकत बसावं, तसं.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला आधी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे चटणी म्हणजे पानाच्या डाव्या बाजूला वाढायचा पदार्थ नव्हे. चटणी म्हणजे वर्षाचा कांदा-लसूण मसाला. रंगाला ब्याडगी मिरची, तिखटाला संकेश्वरी, भाजलेलं खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला, तळलेला कांदा, लसूण. सगळं डंकावर कांडून आणायचं आणि वर्षभर आमटीपासून मटणापर्यंत सगळ्यात घालायचं. ती बिघडली तर वर्ष बिघडतं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्ती म्हणायचो, मला प्रमाण सांगितलं ते असं : धणे पुरतील तेवढे, तीळ बेतानं, खोबरं रंग येईस्तोवर. मी हायस्कूलच्या ऑफिसात काम करणारी बाई. ‘पुरतील तेवढे’ हे मला कुठल्याच रकान्यात भरता येईना. दुसऱ्या वर्षी मी तराजू घेऊन आत्तींच्या शेजारी बसले आणि त्यांनी मुठीनं घातलेलं सगळं आधी वजन करून लिहून घेतलं. आत्ती हसल्या. म्हणाल्या, "लिव, लिव. लिवून चटणी तिखट हुतीया व्हय?"

तेव्हापासून चटणीची वही आहे. मिरची कुठली, किती, किती उन्हं दिली, काय चुकलं. आणि शेवटचा रकाना ‘पुढच्या वर्षी’. एकच गोष्ट वहीत कधी उतरली नाही. खोबरं कढईतून नेमकं कधी काढायचं ते. ते डोळ्याला कळतं आणि उलथनं फिरवणाऱ्या हाताला कळतं, कागदाला कळत नाही. आत्ती गेल्यावर त्यांचं लांब दांड्याचं उलथनं थोरली सून म्हणून माझ्याकडं आलं. तीन घरांची चटणी मी भाजायची. आमची, खालच्या मजल्यावरच्या धाकट्या जावेची, म्हणजे शोभाची, आणि गारगोटीला दिलेल्या नणंदेची. या उलथन्याचा मला किती अभिमान होता ते मला त्या वर्षीपर्यंत कळलं नव्हतं.

त्या वर्षीला आता बारा वर्षं झाली. चैत्र नुकता लागला होता. माझ्या उजव्या डोळ्यावर रांजणवाडी आली होती, चांगली सुपारीएवढी, आणि डोळा सुजून पार मिटला होता. डावा डोळाही आतून ठणकायचा; बाजूला बघितलं की जास्तच. त्यावर आमच्याकडचं निदान ठरलेलं असतं : उष्णता झाली आहे. मी सब्जाचं पाणी पीत होते, आणि एका डोळ्यानं मिरची खरेदी केली होती.

मिरची घेतली ती बागवानभाईंकडून. हे नवे. आमचं नेहमीचं दुकान मी त्या वर्षी मुद्दाम सोडलं होतं. का ते पुढे येईल. घरी आल्यावर पोतं उघडून परातीत थोडी मिरची ओतली आणि माझं डोकंच फिरलं. ब्याडगीला रंगच नव्हता. उन्हात पडून राहिलेल्या विटेसारखी, मळकी, तपकिरी. मी तशीच शोभाला हाक मारली, पोतं रिक्षात घातलं आणि परत मार्केटात.

"भाई, ही काय ब्याडगी म्हणायची? गेल्या सालचा माल खपवताय व्हय आमच्यावर?"

बागवानभाई गिऱ्हाइकाचं माप करत होते. त्यांनी शांतपणे माप पुरं केलं, मग मूठभर मिरची उचलून उन्हात धरली. "वैनी, बघा. अवो, कुंकू हाय कुंकू!"

"कुंकू? शेणी हायती नुसत्या!"

दुकानातली चार माणसं वळून बघायला लागली. शोभानं माझा पदर ओढला आणि हळू आवाजात म्हणाली, "आक्का, लालभडक हाय की ओ. काय झालंय तुमास्नी?"

"तू गप्प बस. तुला रंगातलं काय कळतंय?"

बागवानभाईंनी मूठ परत पोत्यात सोडली. "वैनी, पयलं त्यो डोळा उघडू द्या तुमचा. चष्म्याचा नंबर काढा. मग माझ्या मिरचीला नावं ठेवा." लोक हसले. मी पोतं उचलून तणतणत घरी आले, आणि पुढच्या तीन दिवसांत गल्लीतल्या निदान दहा बायकांना सांगितलं की बागवानांकडं जाऊ नका, फिकी मिरची देतात.

चौथ्या दिवशी रांजणवाडी फुटली आणि उजवा डोळा उघडला. सकाळी गच्चीवर मिरच्या हलवायला गेले आणि दारातच थांबले. सगळी गच्ची लाल होती. इतकी लाल की बघवेना. माझी पहिली समजूत अशी झाली की शोभानं गुपचूप मिरची बदलून आणली. मग घाम पुसायला पदर उजव्या डोळ्यावर गेला आणि मिरच्या विझल्या. पदर काढला, पेटल्या. लावला, विझल्या. मी कितीतरी वेळ गच्चीच्या मधोमध उभी राहून एकेक डोळा झाकत होते. उजव्यानं कुंकू, डाव्यानं वीट. मास्तरांच्या मिसेस पलीकडच्या गच्चीवरून बघत होत्या. त्या ओरडल्या, "काय ओ, डोळे कुणाला मारताय एवढे?"

मिरच्या फिक्या नव्हत्या, मी फिकी झाले होते, एवढंच मनात आलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले की डोळा चांगला आहे, डोळ्यामागच्या नसेला सूज आहे. त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांकडं पाठवलं. तिथून एमआरआय. माझे यजमान शेतीपंपांच्या मोटारींचं रिवाइंडिंग करतात. दुकान बंद ठेवून ते बरोबर आले होते, हाताला वार्निशचा वास, शर्ट मात्र लग्नातला. डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली आणि मेंदूतले पांढरे ठिपके दाखवले. मग विचारलं, "याआधी कधी काही झालं होतं? हातापायाला मुंग्या, बधिरपणा, जळजळ?"

"नाही," मी ठामपणे सांगितलं.

"गेल्या साली हात पोळत हुता की तुझा," हे म्हणाले.

"ती मिरचीची आग हो. ती सगळ्यांनाच होते."

डॉक्टर थांबले. "किती दिवस होती?"

किती दिवस हे मला तोंडपाठ नव्हतं, पण पिशवीत वही होती. दवाखान्यातून परस्पर खड्या मसाल्याच्या दुकानात जायचा माझा बेत होता. मी वही काढली, गेल्या वर्षीचं पान उघडलं आणि ऑफिसात नोटीस वाचावी तसं वाचून दाखवलं : "डाव्या हाताची आग, एकवीस दिवस. ताक, तूप, खोबरेल, उपयोग नाही. मान खाली घालून देठं मोडताना पाठीतून कमरेपर्यंत करंट. पाटावर न बसणे. पुढच्या वर्षी मिरची दुसरीकडून घेणे."

डॉक्टरांनी वही माझ्या हातातून घेतली. तोच मजकूर त्यांनी दोनदा वाचला. मग हसू दाबत विचारलं, "देठं तुम्ही दोन्ही हातांनी मोडता ना?"

मी माझ्या दोन्ही हातांकडं बघितलं. मिरची दोन्ही हातांनी मोडली होती. आग एकाच हाताला झाली होती. वर्षभर हे माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं आणि ते मी कधी वाचलंच नव्हतं. उलट त्या आगीपायी एका भल्या दुकानदाराची पंधरा वर्षांची गिऱ्हाइकी मोडून मी दुसऱ्या भल्या माणसाशी भांडायला गेले होते.

"दोन वेगळ्या वेळी, दोन वेगळ्या जागी," डॉक्टर म्हणाले. "हेच आम्ही शोधत असतो. या पानाची झेरॉक्स मला फाईलला लागेल." माझ्या आजाराचा पहिला पुरावा असा चटणीच्या वहीत निघाला. त्याच पानावर खालच्या ओळीत तीळ सव्वा किलो लिहिले होते, तेही फाईलला गेले.

मग त्यांनी नाव सांगितलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवर एक आवरण असतं, आपल्याच शरीराची लढाऊ माणसं चुकून त्यावर धावून जातात, आवरण जागोजाग झडतं आणि मग मेंदूचा निरोप वाटेत अडखळतो. माझे यजमान खुर्चीतून पुढे सरकले. एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांना ओळखीचं काही भेटलं होतं.

"वायंडिंगचं वार्निश उडालंय म्हणा की."

"तसंच काहीसं."

"मग परत मारता येतंय का?"

"थोडं शरीर स्वतःच मारतं. म्हणून तर हाताची आग गेली. पण पहिल्यासारखं गुळगुळीत होत नाही, आणि परत कधी, कुठं उडेल तेही सांगता येत नाही."

"मी तर जळालेली मोटार अख्खी सोलून नवी बांधतो, डॉक्टर."

"ह्यांना सोलता येत नाही हो," डॉक्टर म्हणाले. घरी येताना स्कूटरवर यांनी एकदाच मान मागे वळवली आणि विचारलं, "धरून बसलीस न्हवं?" अठरा वर्षांच्या संसारात त्यांनी मला हे त्याआधी कधी विचारलं नव्हतं.

पाच दिवस सलाईनमधून स्टेरॉइड दिलं. त्यानं तोंडात सतत पत्रा चाटल्यासारखी चव यायची आणि छातीत डंक सुरू असायचा. डोळा महिन्याभरात निवळला; आजही डाव्या डोळ्याचा लाल उजव्यापेक्षा एक धुणं जास्त झाल्यासारखा आहे, एवढंच. पण गच्चीवरची मिरची माझ्यासाठी थांबणार नव्हती. माझ्या दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवशी शोभानं खोबरं भाजलं, मसाला भाजला, डंकावर जाऊन तीन घरांची चटणी कांडून आणली आणि डब्यातून भाकरीबरोबर मला चाखायला घेऊन आली. माझ्या जिभेवर पत्रा होता, मला काही कळेना. हे जेवले, बोटं चाटली आणि म्हणाले, "झकास झालीया."

पुढे जिभेवरचा पत्रा गेल्यावर मी ती खाल्ली. खरंच चांगली झाली होती. तेच मला लागलं.

माणसं त्या दिवसांत मला धीर द्यायला यायची. कुणाच्या तरी पाहुण्यातली बाई खुर्चीत बसूनसुद्धा सगळा संसार करते, असं सांगायची. शोभानं तर मिरच्यांनीच माझी दृष्ट काढली, आणि चुलीत टाकल्यावर ठसका लागला नाही म्हणजे केवढी नजर होती बघा, असं सगळ्यांना सांगत सुटली. पण मला चाकाच्या खुर्चीची तेवढी भीती वाटत नव्हती. खुर्ची लांब होती. भीती होती ती उलथन्याची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शेगडीजवळ फार वेळ नको, उन्हात नको. अंग तापलं की या आजाराची जुनी दुखणी वर येतात. कढत पाण्यानं आंघोळ केली तरी मला डाव्या डोळ्यानं बादली दिसेनाशी व्हायची. त्यानं नवं नुकसान होत नाही. गार झालं की सगळं परत जागेवर. "मोटार तापली की फॉल्ट दावती, गार झाली की चालू हुती," असं यांनी त्याचं भाषांतर केलं. पण चैत्रात दोन तास कढईसमोर बसायचं म्हणजे मोटार तापणारच. म्हणजे आता उलथनं शोभाकडं. मग मी या घरात कोण? वही सांभाळणारी?

माझ्यासारख्या बाईला या आजारातलं सगळ्यात अवघड काय असेल, तर त्याला वेळापत्रक नाही. ऑफिसात मला कधी शाळेची तपासणी, कधी निकाल, कधी दाखले, हे वर्ष सुरू व्हायच्या आधी माहीत असतं. हा आजार येतो, मुक्काम करतो, जातो, आणि जाताना काहीतरी ठेवून जातो. पहिल्या चार वर्षांत तो तीनदा आला. एकदा कमरेखाली पाय असे झाले की जणू दुसऱ्याचे पायमोजे घातलेत आणि ते काढता येत नाहीत. एकदा आठवडाभर भिंती डुलत होत्या. एकदा परत हात, या वेळी उजवा. प्रत्येक वेळी सलाईन, पत्र्याची चव, आणि हळूहळू परत. मग औषध बदललं. आधी इंजेक्शनं होती, ती मी स्वतःच टोचायची, सोमवार-बुधवार-शुक्रवार, मांडीची जागा पाळीपाळीनं बदलून; तक्ता कपाटाच्या दारावर होता. आता गोळ्या आहेत. गेली काही वर्षं मोठा झटका नाही. पण डॉक्टरांनी हेही सांगितलं आहे की पुढे काहींचा आजार येणं-जाणं सोडून देतो आणि हळूहळू चालतच राहतो. माझा तसा होईल का, मी विचारलं. ते म्हणाले, माहीत नाही. मला तो डॉक्टर त्या दिवसापासून आवडतो.

माघाची कल्पना मला दुसऱ्या वर्षी सुचली. वही उघडून मी जुने सगळे फाल्गुन-चैत्र वाचले आणि स्वतःला ऑफिसातला प्रश्न विचारला : ही तारीख कुणी ठरवली? कडक ऊन हवं म्हणून चैत्र. पण ऊन मिरचीला हवं आहे, मला नको. माघात नवी मिरची बाजारात यायला लागलेली असते. ऊन कोवळं असलं तरी असतं. चार उन्हांच्या जागी आठ दिली की झालं. आणि सकाळी साडेसहाला शेगडीजवळसुद्धा अंगावर स्वेटर ठेवावा लागतो. मी घरात जाहीर केलं की यंदा चटणी माघात, आणि भाजणार मी.

गल्लीला दोन महिने पुरेल एवढा विनोद मिळाला. डंकवाल्या पाटलांनी तर मला परत पाठवायचाच प्रयत्न केला. "वैनी, अजून मशीनला तेल न्हाई घातलं मी. हळदी-कुंकू सोडून चटणी काय काढलीसा?"

"मग आज घाला तेल. मी बसते."

मास्तरांनी गच्चीवरून विचारलं, "औंदा दिवाळी जेष्ठात काय?"

पण मिरची वाळली. मी भाजली. चटणी झाली. वहीत त्या वर्षीच्या ‘पुढच्या वर्षी’च्या रकान्यात मी लिहिलं : असंच.

त्याच वर्षी मी बागवानभाईंकडं गेले. शोभा आणि हे दोघंही नको म्हणत होते, पण बाकी राहिलेलं काम मला झोपू देत नाही. त्यांना मी सगळं सांगितलं. डोळा, नस, गच्ची, त्या दहा बायका. ते ऐकत होते आणि चेहरा उतरत चालला होता. शेवटी म्हणाले, "अल्ला. वैनी, मी आपलं चेष्टेनं म्हटलं हुतं चष्म्याचं." मग पोत्यातली मूठभर मिरची उचलून, "पर म्हंजे मिरची चांगलीच हुती."

"चांगलीच होती."

"मग ते त्या धा बायकास्नी कोण सांगणार?"

मी सांगितलं. दहा दारं चढले. त्यातल्या तिघींनी माझ्या आजाराबद्दल विचारलं आणि सात जणींनी आताचा भाव. जुन्या दुकानदाराकडंही गेले. त्यांना तर मी का सोडून गेले हेच ठाऊक नव्हतं, आणि माझ्या हाताच्या आगीचा आळ आपल्या मिरचीवर होता हे कळल्यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. तेव्हापासून ब्याडगी बागवानभाईंकडून आणि संकेश्वरी जुन्या दुकानातून. दोघंही मला बसायला स्टूल देतात.

आता मी पन्नाशी ओलांडली आहे. लांब चालायचं असेल तर काठी घेते. कोल्हापूर ते गारगोटी रस्त्यावर स्वच्छतागृह कुठं कुठं आहे ते मला पाठ आहे, कारण या आजारात लघवी लागली की ती लगेच लागते. त्या यादीचा फायदा गाडीतल्या बाकीच्यांनाही होतो, फक्त ते कबूल करत नाहीत. दुपारी तीनच्या सुमाराला अंगातलं सगळं पाणी कुणीतरी सोडून दिल्यासारखा थकवा येतो. तो कामाचा थकवा नसतो, कामाशिवायही येतो. आधी मी त्याच्याशी भांडायचे. आता पावणेतीनला ऑफिसातल्या मागच्या खोलीत वीस मिनिटं आडवी होते आणि हेडमास्तरांनी त्या वीस मिनिटांत मला हाक मारायची नाही असं ठरलेलं आहे. "धडधाकट तर दिसतीस की गं, कसला आजार?" असं विचारणारी माणसं अजून भेटतात. पावसाळ्यात पन्हाळ्यावर धुक्यात गेले की मलाही तसंच वाटतं. तिथल्या गार वाऱ्यात पाय असे हलके पडतात की हे मागून ओरडतात, "काठी कुणासाठी आणलीस, माझ्यासाठी?" तो एक दिवस मी मनापासून खाऊन घेते, पिठलं-भाकरीसकट.

यंदाच्या माघात नेहमीसारखी तयारी केली होती. सकाळी साडेसहा, मागचं दार उघडं, पाठीशी टेबलफॅन, मानेवर ओला पंचा, उंच स्टूल. शोभा खाली बसून लसूण सोलत होती. कांदा झाला, तीळ झाले, धणे झाले. मग खोबरं. अर्धं भाजून होईपर्यंत सगळं ठीक होतं. मग उलथनं हातात आहे हे मला दिसत होतं, पण हाताला कळत नव्हतं. मी बोटं घट्ट केली, निदान मला तसं वाटलं, आणि उलथनं कढईच्या काठावर आपटून तिरकं झालं. खोबरं एका बाजूला तळाला धरायला लागलं.

शोभा उठून शेजारी येऊन उभी राहिली होती. तिचा हात पुढं आला नव्हता, कमरेवर होता.

"आक्का, करपंल," एवढंच म्हणाली.

या क्षणाची मी बारा वर्षं धास्ती घेतली होती. मनात त्याचे कितीतरी प्रवेश रचले होते. त्यात मी रडायचे, किंवा रागानं गॅस बंद करायचे, किंवा काहीतरी मोठं बोलायचे. प्रत्यक्षात खोबरं करपत होतं, वेळ नव्हता. "घे," मी म्हणाले. तिनं घेतलं. मी जाऊन मागच्या दारात पायरीवर बसले, गार हवेत, आणि तिच्या कोपराकडं बघत राहिले.

"काढू?"

"थांब."

"आता?"

"थांब म्हणते न्हवं."

"अवो, तांबूस झालंय की."

"बाजूचं झालंय. मधलं बघ. सगळं एका रंगाचं हुतंय आणि वास गोडाचा खमंग हुतोय, तवा काढायचं. उतरल्यावर कढईच्या तापानं आणखी एक रंग चढतोय, त्यो धरून." हे सगळं मी आजवर कधी बोलले नव्हते. मला वाटायचं, ते बोलण्यासारखं नाहीच. वास पायरीपर्यंत आला. "हं. काढ."

तिनं काढलं. अकरा वाजेपर्यंत हात परत आला होता. मी त्या हातानं शाळेला रजेचा अर्ज लिहिला आणि आम्ही दोघी डंकावर गेलो.

दुपारी परातीत चटणी पसरली होती, अजून कोमट. शोभानं ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर चटणी घातली, मधे बोटानं खळगा करून तेल सोडलं आणि माझ्यापुढं धरला. मी दोन्ही डोळे उघडे ठेवून रंग बघितला, मग खाल्लं. खोबरं नेमकं होतं. तिखट नेमकं होतं. ती समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत होती. हे आणि मास्तरही, जे वासावर कधीच आले होते.

"सांगा की," शोभा म्हणाली.

"मीठ कमी हाय," मी म्हणाले. मीठ बरोबर होतं.

शोभानं माझ्याकडं एकदा बघितलं. मग मिठाच्या बरणीत हात घातला, रिकामी चिमूट बाहेर काढली आणि परातीवर गोल फिरवली.

"आता?"

मी आणखी एक तुकडा खाल्ला. "आता बरोबर झाली."